गाडिद

जुनी गिरणी पाडली तेव्हा
इंजिनाखालचा दगड कुणाला उचलेना.
मुकादम म्हणाला, तुम्ही वडार की, तुम्हीच न्या,
चहापुरतं द्या.

दिले चाळीस रुपये.
चार माणसं, दोन पहारी, रहेमतचा टेम्पो,
आणि भवानी पेठ येईपर्यंत
मागचं टायर बसतंय की काय, ही धाकधूक.

काळा पाषाण. वरती बोल्टांची चार भोकं,
भोकांत गंज.
पहिला घाव घातला, तर ठिणगीच्या आधी
वास आला.
साठ वर्षं तेल प्यालेला दगड.

आमचं काम पाट्याला टाकी लावायचं.
गल्लीत हाक द्यायची, टाकीऽऽ लावा टाकी.
आता वरच्या मजल्यावरून मिक्सर ओ देतो.
हात रिकामे होते, म्हणून हे.
कलाबिला काही नाही.

करायचा होता नंदी.
शेळगीचे हिरेमठ दीड हजार देतो म्हणालेले.
पण वशिंड यायचं तिथंच भोक.
चार दिवस दगडाभोवती फिरले,
पाणी मारलं, ठोकून ऐकलं,
डावीकडे खणखणीत, उजवीकडे बद्द.
पाचव्या दिवशी सासू बाजेवरून म्हणाली,
"गाडिद हाय ते. कान बघ की."

बघितलं. होतं.

बसलेलं केलं.
उभं करायला पायांपुरता दगड नव्हता,
आणि आमचं गाढव बसलेलं
मी कधी पाहिलंच नव्हतं.
साहेब म्हणायचो त्याला.
खाणीतून घरी, घरातून खाणीत,
एका मे महिन्यात
उभ्या उभ्याच गेला.

उजवा कान तुटला. टाकी माझी, चूक माझी.
उरल्या बुंध्यातून मागं वळलेला काढला,
पाठीमागून कुणी हाक मारल्यासारखा.

हिरेमठ आले. सवयीनं हात अर्धे जोडले,
मग चष्मा काढून पुसला.
"अहो, हे..."
"होय," म्हटलं.

आता दारातच असतो.
एका भोकात पोरांच्या गोट्या,
एकात सासूची चुन्याची डबी.
दुपारी अंगाला हात लावू देत नाही,
तापला की पोटातून अजून
गिरणीचं तेल वास मारतं.
शेळीला त्याचं काही नाही.
ऊन कललं की येते, मान घासते,
आणि पाय मुडपून बसते
त्याच्या सावलीत.