तेलाचा नंबर

दहापैकी किती दुखतं, विचारलं मॅडमनी.
मी म्हटलं, कधीचं सांगू?
माग चालू असताना, की बंद पडल्यावर?
बंद पडल्यावर जास्त दुखतं,
हे लिहायला त्यांच्या कागदावर जागा नव्हती.

आधी उजवा खांदा, मग मान,
आता बोटं. बटण लावताना कळतं.
फोटो काढला, रक्त काढलं,
कुठं काही तुटलेलं नाही म्हणाले.
तुटलेलं असतं तर मीच जोडलं असतं की.
जॉबर आहे मी, अक्कलकोट रोडला,
छत्तीस मागांचं तुटलेलं-फुटलेलं माझ्याकडंच येतं.

मग तबस्सुम मॅडमनी भलतंच विचारलं :
तेल कुठलं खाता?

हसूच आलं.
मला तेलाचं विचारताय?
कुठल्या मागाला कुठलं, किती थेंब, कुठल्या भोकात,
झोपेत सांगेन.
पातळ पडलं तर बेअरिंग किंचाळतं,
जाड पडलं तर कापसाची धूळ धरून बसतं,
आणि एक थेंब चुकला
तर टॉवेलवर डाग, मालकाच्या तोंडात शिवी.

पण घरात?
दुकानात स्वस्त असेल तो डबा.
आणि पहाटे पाळी सुटल्यावर
गेटसमोरच्या गाड्यावरची मिरची भजी,
तीच कढई, कालचंच तेल, परवाचंही असेल.
त्या काळ्या तेलाला कोण नंबर विचारतंय बे?

मॅडम सावकाश सांगत होत्या.
काही तेलं आतली जळजळ वाढवत असावीत,
काही तिला निववत असावीत,
जवस, मासे, असलं काहीतरी.
‘असावीत’पाशी त्यांचं पेन थांबलं.
पक्कं नाही, म्हणाल्या. अभ्यास चाललेत.
करून बघा. गोळी मात्र सोडू नका.

मला हे आवडलं.
मागल्या साली एकानं बाटलीवर हात ठेवून
एकवीस दिवसांची गॅरंटी दिली होती.

नागमणीनं मंगळवार बाजारातून जवस आणले.
तव्यावर तडतडले तशी गप्प झाली, मग म्हणाली,
आमची अम्मा हे चिमटीनं वाढायची,
आम्ही पोरं तोंड फिरवून शेंगाचटणी मागायचो.
शेंगाचटणी सुटणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.
कडक भाकरी, वर जवसाची पूड, लसूण.
तेल आता ती पळीनं नाही, चमच्यानं घालते,
आणि चमचा माझ्याकडं बघत रिकामा करते.

वहीत रोज आकडा लिहितो.
सात. सात. सहा. सात.
सहा. पाच.
पाचच्या दिवशी पोरगीचा निकाल होता,
तो धरायचा की सोडायचा, मॅडमना विचारायचंय.
मग परत सात.
मग सहा, सहा, सहा, सलग,
आणि मी कुणाला बोललो नाही, मोडेल म्हणून.

काल रात्री बावीस नंबरच्या मागाला तेल देताना
हात वर गेला, आणि थोडा वेळ
वरच राहिला.

इरण्णा भजी घेऊन आला.
एकच घेतलं.
खरं सांगायचं तर दोन.
कागद उजेडाकडं धरून बघितला :
आरपार
पलीकडची ट्यूबलाईट दिसत होती.