दहा मोजेपर्यंत

पिंपयखुटीच्या फाट्यावर माह्यं दुकान.
एक पंप, चार पाने, घमेलंभर पानी,
अन् बाजूले जुन्या टायरमंधी बसलेला सुमेध,
अडीच वर्साचा.
बोले नाई.

लोकं म्हनत, बोलन कसा, बापच मुका हाय.
खरं होतं. दिवसभर मी ट्यूब-टायरसंग राहो,
गिऱ्हाइकाले फक्त म्हनो, दहा रुपये.
अन् पोराले पन्नासदा: म्हन, बाबा म्हन. म्हन ना.

अंगनवाडीच्या नेवारेबाई हवा भराले थांबल्या.
म्हनाल्या, काहून परीक्षा घेता लेकराची?
जे करता थे सांगत जा.
मंग गप राहा, मनात दहा मोजा.
त्याची बारी येऊ द्या.

मले लाज वाटे. तरी सुरू केलं.
हा पाना. पाना पडला. टन्न!
हवा गेली. फुस्स!
ट्यूब भुकेली हाय, हवा खाऊन राह्यली,
पाय, कशी फुगली!
ट्रकवाले हासत,
मनोहर येडा झाला, टायरसंग बोलते.

थो माह्या तोंडाकडं पाहे.
आठ, नऊ, दहा. काही नाई.
पंपाच्या दांड्यावर त्याचे हात ठेवले:
मी एकदा. तू एकदा.
मी एकदा. तू एकदा.
शिवारातली आख्खी तूर निघाली तेवढ्यात.

मंग एका दुपारी मास्तरची ट्यूब पान्यात बुडवली.
भोक मले दिसलं होतं.
न दिसल्यावानी ट्यूब फिरवत राह्यलो.
मास्तर घड्याय पाहे.
पाच. सहा.
घमेल्यात एक बारीक बोट बुडलं:
"बु."

मास्तर म्हने, बु काय रे? बुडबुडे म्हन.
म्या म्हटलं, हो, बुडबुडे! लय बुडबुडे!
त्या दिवशी मास्तरले पैसे नाई मांगले.

आता "पा" म्हनते.
पा म्हंजे पाना का पानी?
मी दोनी पुढं धरतो, अन् थांबतो.
थो पाना घेते अन् पान्यात टाकते.
बाईले सांगितलं, त वहीत काहीतरी लेहून घेतलं.

काल जेवताना लाईट गेली.
त्याची माय अंधारात काडीपेटी चाचपे.
ताटापलीकडून आवाज आला:
"लाईट फुस्स."

दोन शब्द. एकाले एक चिकटलेले,
माह्या हातच्या ठिगयावानी पक्के.

म्या म्हटलं, हो रे, लाईट फुस्स झाली,
अंधार झाला.
मंग गप बसलो.
एक. दोन. तीन.
बायको म्हने, सापडली काडीपेटी.
म्या म्हटलं, थांब जराशी.
पेटवू नको.