फक्त सूर

दौलतगंजात, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर
माझं दुकान. कॅसेटवरून पेनड्राइव्ह,
लग्नाच्या व्हीएचएस, कधीमधी एखादं प्रवचन
ज्यात महाराजांपेक्षा पंखा जास्त बोलतो.

इंदापूरकर आले तेव्हा लाइट नुकतीच आली होती.
एजी ऑफिसातून निवृत्त, खिशाला अजून दोन पेनं,
त्यातलं एक लाल. कॅसेट रुमालात.
"यमन आहे. बायकोचा.
आवाज नको. फक्त सूर काढून द्या,
पेटीवर बसवायचेत."

म्हटलं, आवाजासकट देतो की, स्वच्छ करून,
फरफर सगळी जाईल.
"आवाज नको म्हटलं ना."
मग जरा थांबून,
"मुलगा म्हणाला, मिडी का काहीसं असतं.
आणि जमलं तर तुम्हीही ऐकू नका."

असतं, काका.
मिडीत आवाज नसतोच मुळी.
कुठली पट्टी, कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली,
एवढंच. वाण्याच्या वहीसारखं.
डाळ नाही, डाळीची नोंद.

रात्री स्पीकर बंद ठेवून बसलो.
पडद्यावर हिरव्या विटा पडत गेल्या.
छप्पन्नावर सगळं येऊन टेकत होतं,
म्हणजे बाईंचा सा काळी चार.
पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ :
नि, रे, ग.
कुठे पंचमावरून गंधारावर
नुसत्या ओघळल्या असतील, तिथे संगणकाने
पायऱ्या बांधल्या, काटकोनात.
श्वास घेतला तिथे कोरी जागा.
तळाशी एक जाड पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत :
तानपुरा असणार. तो मी पुसला.
लयीबाहेरच्या विटा ओढून रेघेवर आणायचं
एक बटण असतं. त्यावर बोट गेलं होतं.
नाही दाबलं. का, ते माहीत नाही,
झोप आली असेल.

एकच गोष्ट खटकली.
अंतऱ्याच्या आधी तीन सुट्या विटा.
साठ, त्रेसष्ट, त्रेसष्ट. ग प प.
रागाला धरून, पण जोर एकशे बारा,
आणि बाई तर सत्तरच्या वर कुठे जात नाहीत.
कुकर असेल, म्हटलं. विचारून उडवू.

दुसऱ्या दिवशी वाजवून दाखवलं,
पियानोत, कारण यादीत पहिला तोच होता.
काका टेबलाच्या कडेवर पट्ट्या शोधत होते,
चष्मा कपाळावर, ओठ मिटलेले,
"तीव्र मध्यम जरा उशिरा लागायचा तिचा,"
एवढं एकदा म्हणाले.
मग ते तीन सूर आले
आणि बोटं थांबली.

"अहो, दूध."

मला वाटलं, चहाचं म्हणतायत.
"नाही हो. ती. गाता गाता.
मी पेपर वाचत होतो. बघतो म्हटलं.
उतू गेलं."

काढू का ते?
त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
जसं कुणी हिशेबातली चूक दाखवणाऱ्या
नव्या कारकुनाकडे बघावं.
"रकमेत आहे ते," म्हणाले. "राहू द्या."

एक्सपोर्ट. नऊ केबी.
माझ्या मोबाइलमधला एक धूसर फोटोसुद्धा
याच्या दोनशेपट मोठा असतो.
नाव 'यमन' दिलं, तर मशीन म्हणालं,
या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?
म्हणून 'यमन दूध'.

दीडशे झाले होते. दोनशे ठेवून
सुट्ट्यांची वाट न बघता निघाले.
रुमालासकट कॅसेट टेबलावरच.
मी दारात धावलो, जिन्यात ओरडलो, "अहो!"
फार जोरात गेलं असणार,
एकशे बाराच्या आसपास.

खालच्या वळणावरून, पाऊल न थांबवता,
मागे न बघता,
ते म्हणाले, "बघतो."