कोणतं झाड

करासवाड्याच्या वळणावर, रुझारच्या नर्सरीत,
त्याने तीन कुंड्या माझ्यापुढे मांडल्या
आणि हात पँटला पुसले.

"हा चीड. बंगळूरहून आलाय, अजून रुसलेला आहे.
हा अरोकेरिया, नाताळातला,
फांद्या मोजून लावल्यासारख्या.
आणि हा… हा काय, सुरू.
पाइन म्हणून विकतो मी शहरातल्यांना.
पात्रांव, तुम्हांला खोटं कशाला सांगू."

सुलक्षा म्हणाली, "चीड नको. घरात आहे तेवढी पुरे."
रुझार हसला. मी नाही.
एकवीस वर्षं राणीखेतला पलटणीचे हिशेब लिहिले मी,
खिडकीबाहेर चीड.
निवृत्तीच्या सामानात त्याचं एक बोंड आणलं,
लाकडी फुलासारखं उमललेलं.

मग रुझारने पत्रिका मांडल्या:
चिडाला आपला जांभा चालेल, खारा वारा नाही,
आषाढात मूळ कुजेल.
अरोकेरिया टिकतो, सरळ जातो,
इतका सरळ की विजेच्या तारेलाही विचारत नाही.
सुरू वाळूतही जगतो. त्याच्याखाली मात्र
काही उगवत नाही, अबोलीसुद्धा.

"पायरीपुढे जागा किती?"
मी दोन्ही हात पसरून दाखवले.
सुलक्षाने ते धरून जवळ आणले.
"मध्ये कपड्यांची दोरी आहे. आणि फिलुमेनची कौलं."

मग म्हणाली, "पण त्या चिडात आहे काय एवढं?"
टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.
आवाज, मी म्हणालो. रात्री वारा सुटला की.
"कसा?"
मी डोळे मिटले, ओठ जुळवले
आणि भर दुपारी, शेणखताच्या पोत्यांमध्ये उभा राहून
सूंऽऽऽ करत राहिलो.

"अहो," ती म्हणाली, "हा तर मांद्र्याच्या किनाऱ्यावरचा सुरू."
रुझारने मान डोलावली.

तिथे, थंडीच्या रात्री, दोन कांबळ्यांखाली
मी ऐकत होतो ते मग कुठलं झाड?

सुरू घेतला. साठ रुपये.
बसमध्ये तो तिच्या मांडीवर, शेंडा खिडकीबाहेर,
कंडक्टरने अर्धं तिकीट मागून पाहिलं.

खड्डा विहिरीपलीकडे खणला, तारेपासून लांब.
पहार दोनदा वाकली.
तिथली अबोली तिने आदल्याच आठवड्यात
दुसऱ्या वाफ्यात हलवली होती.
का, ते मी विचारलं नाही.

बोंड कपाटावर आहे. इथल्या दमट हवेत
आलं त्याच महिन्यात मिटलं, मुठीसारखं.
रुझार म्हणतो, मे महिन्यात बघा,
थोडं उघडेल.