होसकुंटी, तालुका जत

पंचायतीच्या भिंतीवर गावाची माहिती रंगवायची आहे.
आठ ओळी, निळा ऑइलपेंट.
मजकूर माझ्याकडे, कारण मी गुरुजी.

लोकसंख्या सहाशे बारा.
ऊसतोडीला टोळ्या गेल्या की दोनशे, आणि कुत्री.

पूर्वेला माळ. पश्चिमेलाही माळच.
मधल्या कण्यावर अमसिद्ध बिरादाराचं घर:
पत्र्याचं एक पाखं बोर नदीला पाणी देतं,
दुसरं अग्रणीला,
म्हणजे पाऊस पडला तर.

सरकारी नकाशात आम्ही नवेतळे.
बाजारात, भांडणात, पाळण्यापाशी होसकुंटी.
होस म्हणजे नवं, कुंटी म्हणजे तळं.
नावात घोळ नाही, घोळ तळ्यात आहे.
बहात्तरच्या दुष्काळात खणलं, गाळानं बुजलं,
असं सगळे सांगतात.
पण मुल्लांच्या पेटीतल्या कागदावर
नाव त्याच्याही आधीचं आहे, मोडीत,
वाळवीनं अर्धं वाचलेलं.

आणि हे नवं, तर जुनं कुठं?

तंगेव्वाला विचारलं.
ती शेळ्यांमागं चालत राहिली. कन्नडात म्हणाली,
शेळीला विचार.
मग म्हसोबाच्या खालच्या अंगाला
एका जागी चप्पल काढून उभी राहिली.
मलाही काढायला लावली.
मार्च. सगळा माळ तव्यासारखा.
तेवढी एक वाव माती गार.

पेंटर ब्रश धरून थांबलाय.
सातवी ओळ, प्रेक्षणीय स्थळे.
काय लिहू, गुरुजी?

मी अजून अनवाणी आहे.