मागची बाजू

चित्राची पुढची बाजू लोक बघतात.
मी मागची बघते.
फ्रेम करणाऱ्याला चित्र पालथंच घ्यावं लागतं मांडीवर,
पाठ थोपटायला मूल घ्यावं तसं.

ओसारेतिन इघोदारो पहिल्यांदा दुकानात आला तो शुक्रवार.
म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती,
तरी त्याच्याभोवती हातभर जागा सुटलेली.
काखेत गुंडाळी. पिठाच्या पोत्याचं कापड,
मागे निळ्या शाईत गिरणीचं नाव.
कॅनव्हास महाग, तो म्हणाला.
मी म्हटलं, लाकूडपण.

बुधवारी हणजुण्याला टी-शर्ट विकायचा,
रात्री रंगवायचा.
प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीनं पत्ता,
आणि तो टिकायचा नाही:
पर्रा, साळगाव, शिवोली, पुन्हा पर्रा.
फोनवर खोली रिकामी असायची.
दारात पोचेपर्यंत तिथे मालकाचा पुतण्या
राहायला आलेला असायचा.
गोव्यात एवढे पुतणे आहेत
हे मला त्याच्या चित्रांच्या पाठीवर कळलं.

माझे बाबा च्यारी. देव्हारे घडवायचे,
मागणी आली तर आल्तारही.
एकदा खिळे ठोकता ठोकता मी ओसारेतिनला
आमचे शब्द मोजून दाखवले:
चावी, बिजागरी, मेज, पगार, लिलाव,
सगळे पोर्तुगीज गलबतातून उतरलेले.
आमच्याकडे ते आधी थांबलं होतं, तो म्हणाला.
'साबी' ठेवून गेलं, म्हणजे ठाऊक असणं.
'पिकिन' ठेवून गेलं, म्हणजे लेकरू.
आणि घेऊन काय गेलं?
तो खिळ्यांचा डबा चाळत राहिला.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा
त्याचा पासपोर्ट पणजीत
या टेबलावरून त्या टेबलावर सरकत होता.
तेराव्या दिवशी तो सहा फुटी कापड घेऊन आला.
चिरेखाणीतली भुकटी डिंकात कालवून लावलेली.
बेनिनच्या आमच्या अंगणाचा रंग हाच, म्हणाला,
शोधावा लागला नाही.
चित्रात नुसतं झाडलेलं अंगण.
खराट्याचे वळसे, वळशाला लागून वळसा.
खराटा नाही. पाऊल एकही नाही.
पालथं घालताना थोडी माती सांडली माझ्या मांडीवर.
सागवान परवडेना, फणस लावला.
मागच्या पट्टीवर नेहमीसारखं माप लिहिलं, तारीख लिहिली,
आणि खाली: बाकी ४००.

ती बाकी त्यानं दुकानाची पाटी रंगवून फेडली.
देवनागरी येत नव्हती.
आधी आडवी रेघ ओढली भिंतभर,
मग दोरीवर कपडे वाळत घालावेत
तशी एकेक अक्षरं टांगली.
'फ्रेम'ची मात्रा थोडी उडालीय वाऱ्यानं.
मी ती दुरुस्त केलेली नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं.
फोंतेंय्यशमधल्या एका जुन्या घरात प्रदर्शन,
सात चित्रं, विकली गेली दोन.
मग कोची. मग लागोस, मग पॅरिस.
माझ्याकडे फ्रेमा यायच्या थांबल्या
तेव्हा समजले, त्याचं बरं चाललंय.

गेल्या मंगळवारी लंडनहून पत्र आलं.
अंगणाचा लिलाव आहे.
(लिलाव. तोही शब्द आपलाच, म्हणजे त्यांचा.)
मागे तुमच्या दुकानाचा शिक्का आहे,
खाली एका लिपीत मजकूर आहे,
कलावंताची प्रार्थना असावी का,
कृपया अर्थ कळवावा.

मी लिहिलं: प्रार्थना नव्हे, हिशेब.
फिटला. खोडायचा राहिला.
पाठवण्याआधी त्याला दाखवलं.
लागोसमध्ये वीज गेली होती, आवाज तुटत होता,
पण हसलेलं ऐकू आलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
सांग त्यांना, प्रार्थनाच आहे.

पत्र अजून मेजावर आहे.