खाल्ल्या मिठाला

सावरीनिसोच्या घरामागे, टेकडीवर,
आम्ही खडकात एक पोलादी खिळा ठोकलाय.
दर एप्रिलात, रानखसखस लाल झाली की
मी दुशान्बेहून जीप घेऊन येतो,
खिळ्यावर यंत्र बसवतो
आणि दोन रात्री उपग्रहांना विचारतो:
कुठवर आला?

आलेला असतो. नखभर, पश्चिमेला.

खाली मीठ आहे, आटलेल्या समुद्राचं.
त्यावर चुनखडक, तांबडा वाळूखडक, गाळावर गाळ,
कित्येक किलोमीटर जाडीचं बाड.
पूर्वेकडून पामीर खांदा लावतो
तसं बाड तळापासून सुटतं,
मिठावरून घसरतं, चुरगळतं:
डोंगर, दरी, डोंगर, दरी.

दवलतमंदनं उभी हयात रशियनांसाठी विहिरी खणल्या.
तेल थोडं, मीठच फार.
त्यानं मला एकदा याच घरात
नमद्यावर गोधड्यांची चळत आडवी पाडून दाखवली.
भिंतीला पाठ टेकून दोन्ही पायांनी रेटली.
गोधड्या फुगल्या, एकीवर एक चढली,
उसवलेल्या शिवणीतून पांढरा कापूस वर आला.
"हा बघ ख्वाजा मुमिन," म्हणाला. "आख्खा डोंगर मिठाचा."
सावरीनिसो आतून ओरडली, "पाहुण्यांच्या आहेत त्या!"
आणि घड्या घालत बसली, काठाला काठ जुळवून.

यंदा चहा ओतताना तिनं विचारलं,
"टेकडी सरकते म्हणजे घरही?"
घरही.
"कुणीकडे?"
पश्चिमेला. जराशी उत्तरेला.
"नूरअली तिकडंच आहे. समाराला. सिमेंट कालवतो."
थोडं थांबून: "किती वर्षांत पोचेन?"

मी खरंच हिशेब मांडायला घेतला, मूर्खासारखा.
शून्यं वाढत गेली.
तिनं हातानंच थांबवलं.
"राहू दे. मी कशाला? त्याचं तो येईल."

मग चहात लोणी, आणि करड्या मिठाचा खडा,
ख्वाजा मुमिनमधूनच फोडून आणलेला.
"खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं," दवलतमंद म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही.
मीठ स्वतः कुणालाच जागत नाही.
त्याला वजन तेवढं कळतं.
भार पडला की फट शोधतं.

रात्री खिळ्यापाशी अंथरूण टाकून पडलो.
काही हललं नाही.
खाली तिचा दिवा जळत होता;
समारात अजून एक तास मागे होता दिवस.
फोन लागला असावा.
आवाज वर येत होता,
शब्द नव्हते.